सकाळी किक मारून घाम निघतोय? आधी चोक बघा

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडं थंडीनं जोर धरला की सकाळी गल्लीगल्लीत किक मारल्याचा आवाज सुरू होतो. निफाडला तर पारा कधी कधी ६ अंशांच्याही खाली जातो. दुधाची किटली गाडीला अडकवलेली, डेअरी बंद व्हायची वेळ झालेली आणि गाडी काही चालू होत नाही. मग कोणी प्लग बदलतो, कोणी ढकलत मिस्त्रीकडं नेतो. मिस्त्री खाली वाकून एक छोटी पट्टी सरकवतो आणि दुसऱ्या किकला गाडी चालू! ती पट्टी म्हणजे चोक. गाडी दहा वर्षं वापरून त्याला हात न लावलेले लोक गावोगाव आहेत.

पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही, त्याची वाफ होऊन हवेत मिसळली तरच जळते. हे मिसळायचं काम कार्बोरेटर करतो. वजनानं बघितलं तर १ भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा लागते. पण थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते, बाकीचं थेंब होऊन पाइपाला आतून चिकटून बसतं. प्लग ठिणगी टाकतो, पण पेटायला पुरेशी वाफच नसते. चोक ओढला की कार्बोरेटरात जाणारी हवा अडते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. काही गाड्यांत हवा न अडवता जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडते. काम एकच.

बऱ्याच १०० सीसी गाड्यांना ही पट्टी कार्बोरेटरलाच असते, काहींना हँडलच्या डाव्या बाजूला. पेट्रोलचा कॉक वेगळा, चोक वेगळा. जवळजवळ असल्यानं गल्लत होते. कोणत्या बाजूला चोक चालू आणि कोणत्या बाजूला बंद हे कळत नसेल तर इंजिन गरम असताना गाडी चालू ठेवून पट्टी हलवून बघा. ज्या बाजूला नेल्यावर इंजिन अडखळतं, तिकडं चोक चालू.

थंड गाडीला चोक पूर्ण ओढा, चावी बंद ठेवून दोन-तीन हळू किक मारा, मग चावी चालू करून जोरात किक मारा. या वेळी रेस अजिबात द्यायची नाही. इथंच बहुतेक जण चुकतात. रेस पिळली की हवा जास्त शिरते आणि चोक ओढल्याचा उपयोग राहत नाही. गाडी चालू झाली की अर्धा-एक मिनिट थांबा आणि चोक हळूहळू बंद करा. बंद खोलीत किंवा शटर लावलेल्या शेडमध्ये मात्र गाडी गरम करत बसू नका. चोकवर धुरात विषारी वायू जास्त असतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

चोक बंद करायचा विसरला तर खिशाला फटका बसतो. ॲव्हरेज पडतो, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरचं ऑइल धुऊन खाली उतरतं आणि इंजिन ऑइल पातळ होतं. पुढं पिस्टनचं काम निघालं की खर्च हजारांत जातो.

खूप किक मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर गाडी ओव्हर झाली समजा. आता चोक बंद करा, रेस पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किक मारा. तरी नाही झाली तर प्लग काढून पुसा.

इंजिन गरम झाल्यावरही गाडी चोकवरच चालत असेल, चोक बंद करताच बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. बहुतेक वेळा कार्बोरेटरचा बारीक जेट कचऱ्यानं बुजलेला असतो, नाहीतर इंजिन आणि कार्बोरेटरमधल्या रबराला चीर गेलेली असते. मिस्त्रीला नेमकं हेच सांगा, म्हणजे तो उगाच प्लग-कॉइल बदलत बसणार नाही. याच्या उलट, चोक बंद असूनही धूर काळा येत असेल तर एअर फिल्टर बघा. मळणीच्या दिवसांत धुळीनं भरलेला फिल्टर हवा अडवतो, म्हणजे गाडी कायम चोकवर असल्यासारखीच चालते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्टर आहे. इंजिन किती थंड आहे हे सेन्सर ओळखतो आणि जादा पेट्रोल आपोआप सोडलं जातं, त्यामुळं चोकची पट्टी शोधू नका. चावी चालू केल्यावर टाकीतल्या पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा, मगच सेल्फ मारा.