शेतकऱ्याचा उमेदवारी अर्ज: कागद कुठे अडतात

राजू शेट्टी २००४ साली शिरोळमधून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. ऊसदराच्या आंदोलनातला कार्यकर्ता मोठ्या पक्षाच्या तिकिटाशिवायही विधानभवनात पोहोचू शकतो, हे तेव्हा दिसले. आपल्या गावातून कोणी असा उभा राहणार असेल, तर सभांच्या आधी कागद बघा. लोकांची कामे करणारा माणूस कागदापायी बाद झाला, की फार वाईट वाटते.

आधी पात्रता. वय २५ पूर्ण हवे आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. लढायचा मतदारसंघ वेगळा असेल, तर यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

मग बँक. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खाते उघडावे. दुधाच्या बिलाचे जुने खाते इथे चालत नाही.

आता सूचक, म्हणजे आपले नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते सगळे त्याच मतदारसंघातले हवेत. तालुका एकच, पण शेजारचे गाव दुसऱ्या मतदारसंघात, असे पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणून प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः ताडून घ्या. एखाद्या आजींना सही येत नसेल, तर घरून अंगठा घेऊन जाऊ नका; तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उमटवावा लागतो. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. अपक्षाने निराळे सूचक घेऊन दुसरा अर्ज जरूर भरावा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो शपथपत्राला, म्हणजे नमुना २६ ला. त्यात गुन्हे, शिक्षण, मालमत्ता आणि कर्ज लिहायचे असते. रास्ता रोकोचा प्रलंबित खटला आंदोलनातला म्हणून गाळता येत नाही. सातबारा समोर ठेवून गट नंबर, क्षेत्र, जमीन वडिलोपार्जित की खरेदीची आणि आजची बाजारकिंमत लिहा. पत्नीच्या नावावरची जमीन, सोसायटीचे पीककर्ज, ट्रॅक्टरचे थकलेले हप्ते, सगळे आले पाहिजे. रकाना कोरा सोडू नका; काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने सांगूनही रकाने कोरे ठेवले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत घेतात. अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. पक्षाचे उमेदवार असाल, तर ए आणि बी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचे कागद, शेवटच्या दिवशी ३ च्या आत पोहोचलेच पाहिजेत.

अर्ज दिला की लगेच घरी निघू नका. संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची राहते, आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच घेता येते. मिरवणुकीच्या गडबडीत नेमकी हीच विसरते.

छाननीला स्वतः हजर राहा. आक्षेप आला तर उत्तर द्यावे लागते. पुढे माघारीची मुदत संपली की अपक्षांना चिन्ह मिळते.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, हरलेल्यालाही. तो न देणाऱ्याला निवडणूक आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. तेव्हा मंडपवाल्याची आणि जीपच्या डिझेलची पावती त्याच दिवशी वहीत चिकटवा.