आजच्या भाकरीपुरता आजचा दिवस

वयोवृद्ध रुग्णांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. गुडघा दुखतो तो आज; पण झोप उडते ती 'पुढच्या वर्षी उठता-बसता आले नाही तर?' या प्रश्नाने. शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांचेही तसेच. सासूबाईंना भरवणे, औषध देणे, अंग पुसणे हे आजचे श्रम सुनेला झेपतात. 'असे किती वर्षे चालायचे?' हा विचार मात्र झेपत नाही. काहींचे मन याउलट मागे अडकलेले असते. निधन पावलेला जोडीदार, दूर गेलेली मुले, तेव्हा घेतलेला अमुक निर्णय. परिणाम एकच. हाती असलेला आजचा दिवस न जगताच मावळतो.

याचा भार शरीरालाही सोसावा लागतो. कल्पनेतल्या संकटालाही आपले शरीर खऱ्या संकटासारखाच प्रतिसाद देते. ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, छाती धडधडते, रक्तदाब चढतो, मधुमेह असल्यास साखरही वाढू शकते. उद्याचे दुखणे उद्या येवो वा न येवो, त्याची किंमत शरीर आजच मोजू लागते.

या दुखण्यावर ख्रिस्ती परंपरेने दिलेला विचार कोणत्याही धर्माच्या वाचकाला उपयोगी पडावा असा आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या श्रोत्यांचे लक्ष आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे वेधतो, आणि उद्याची काळजी आज वाहू नका असे सांगतो. येथे एक बारकावा आहे. आजचा दिवस सुखाचाच असेल, असे आश्वासन तो देत नाही. प्रत्येक दिवसाला त्याचे दुःख असतेच, हे तो मान्य करतो. फक्त एका दिवसाच्या खांद्यावर दोन दिवसांचे ओझे देऊ नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. त्याने शिकविलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती.

'मग उद्याचा विचारच करायचा नाही काय?' असे आपण विचाराल. बायबलच्या जुन्या करारातील मान्नाची कथा येथे आठवावी. अरण्यात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचे अन्न मिळे. त्या दिवसापुरतेच वेचावे, असा दंडक होता. ज्यांनी भीतीपोटी साठविले, त्यांच्या अन्नात किडे पडले. मात्र विश्रांतीच्या शब्बाथ दिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचण्याची आज्ञा होती, आणि ते साठविलेले अन्न नासले नाही. म्हणजे तजवीज वेगळी आणि धास्ती वेगळी.

हा भेद आपल्या छत्रपती संभाजीनगरात कोणाला समजावून सांगावा लागू नये. येथे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाणी आले की टाकी, पिंप, हंडे भरून ठेवणे ही तजवीज. ते भरून झाल्यावरही रात्रभर नळाकडे कान लावून जागणे ही धास्ती. महिन्याची औषधे आणून ठेवावीत, विम्याची कागदपत्रे एका पिशवीत ठेवावीत, मृत्युपत्र करावे. ही कामे आजची आहेत. ती आज करावीत आणि मग मनाने आजच्या दिवसात परत यावे.

असे जगणे कसे असते, याचे उदाहरण म्हणून पंडिता रमाबाईंची अखेरची वर्षे पाहावीत. आईवडील, भाऊ आणि पती यांचे मृत्यू त्यांनी पंचविशीच्या आतच पाहिले होते. पुढे 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि केडगावला मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांना आसरा दिला. उतारवयात त्यांनी बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत आणण्याचे प्रचंड काम हाती घेतले. ऐकू कमी येत होते, प्रकृती खालावत होती. 1921 साली त्यांची एकुलती कन्या आणि कार्यातील उजवा हात असलेली मनोरमा निवर्तली. पुढे कोण, हा प्रश्न त्यांच्यासमोर किती तीव्रतेने उभा राहिला असेल! तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. भाषांतर हे ओळीमागून ओळ करण्याचे काम आहे. उद्याचे पान आज लिहिता येत नाही. शोक होता, आजार होता आणि आजचे पानही होते.

घरातील वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे, दोघांसाठीही काही साध्या गोष्टी सुचवितो.

काळजीसाठी दिवसातील एक वेळ ठरवावी. दुपारची पंधरा मिनिटे पुरेत. मनातील चिंता कागदावर लिहाव्यात आणि आज ज्यावर काही करता येईल त्यापुढे खूण करावी. रात्री तीच चिंता आली, तर तिला उद्या दुपारची वेळ द्यावी.

दिवसातील एखादे तरी काम पूर्ण लक्ष देऊन करावे. चहाचा घोट, अंगणातले ऊन, नातवाचा हात. दूरचित्रवाणी बंद ठेवून केलेले एक जेवण.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला 'मी कोण, सांगा पाहू?' अशी परीक्षा घालू नये. 'बाबा, मी सुमन, तुमची धाकटी' असे आपणच सांगावे. भेटीची आठवण पुसली जाते, पण भेटीने आलेले समाधान बराच वेळ टिकू शकते. लहानपणीचे भजन किंवा चर्चमधले गीत अनेकदा शेवटपर्यंत ओठांवर राहते. ते सोबत म्हणावे. त्यांच्याजवळ वर्तमानच उरला आहे. आपण तेथे जाऊन बसायचे आहे.

सेवा करणाऱ्यानेही शब्बाथ पाळावा. आठवड्यातून काही तास ही जबाबदारी भावंडाने, शेजाऱ्याने किंवा मदतनीसाने घ्यावी. अशी विश्रांती घेणे म्हणजे कर्तव्यात कसूर नव्हे.

दोन इशारेही द्यायला हवेत. देवावर भरवसा ठेवला म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी थांबवू नये. ती गोळी आजच्या भाकरीचाच भाग आहे. तसेच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली, भूक-झोप हरपली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर तो श्रद्धेचा कमकुवतपणा मानू नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नका; जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर त्याच दिवशी जा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका.

आज संध्याकाळी औषधांचा डबा भरून झाला की आपल्या माणसाजवळ दहा मिनिटे नुसते बसा. प्रकृतीची चौकशी नको, उद्याच्या तपासणीचा विषय नको. त्यांना बोलायचे असेल तर ऐका. नसेल तर हात हातात असू द्या.