दातांची साक्ष किती मानायची?

(पिंपळे सौदागर येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आज माकडांच्या दातांवर बोलणार म्हटल्यावर मघाशी बाहेर एकांनी विचारलं, "सर, विषय बरोबर छापलाय ना?" बरोबर छापलाय. विषय दिसतो प्राणिशास्त्राचा, पण त्याच्या मुळाशी प्रश्न आहे अनुमानाचा. दोन गोष्टी सारख्या दिसल्या, तर त्या एकाच कुळातल्या असं कधी म्हणायचं?

घरातलंच उदाहरण देतो. नातीच्या दातांचा एक्स-रे काढला, तर खालच्या दोन्ही अक्कलदाढा नाहीतच. हिरडीखालीसुद्धा नाहीत. माझ्याही नाहीत. घरात लगेच निकाल लागला, "आजोबांवर गेली!" मलाही बरं वाटलं. मग आठवलं, आमच्या शेजाऱ्यांनाही त्या नाहीत आणि त्यांचं-आमचं काही नातं नाही. म्हणजे नात माझीच आहे, पण नसलेली दाढ हा काही त्याचा पुरावा नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता, दातच का? एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. छोट्या माकडांची हाडं काडीसारखी, ती चुरून जातात. दात लाखो वर्षं टिकतात. शिवाय दात एकदा घडला की झिजतो, पण नव्याने वाढत नाही. त्यामुळे अनेक जुन्या माकडांची आपल्याकडची सगळी ओळख म्हणजे दोन-चार दात.

आधी नुसतं मोजून बघू. आपले दात ३२. जबड्याच्या प्रत्येक पावभागात पटाशीचे २, सुळा १, उपदाढा २ आणि दाढा ३. माथेरानला हातातलं बिस्कीट पळवणारं माकड घ्या किंवा देवळाच्या शिखरावर बसलेलं वानर घ्या, हिशेब हाच. आता दक्षिण अमेरिकेतलं मार्मोसेट घ्या, दोन्ही ओंजळीत मावेल एवढं माकड. त्याचेही दात ३२! पण त्याला उपदाढा ३ आणि दाढा २. बेरीज तीच, हिशेब वेगळा. नुसत्या बेरजेवर गेलो असतो तर फसलो असतो.

म्हणून दाढेचा माथा बघायचा. माकड आणि वानर यांच्या दाढेवर साधारण चार उंचवटे असतात आणि समोरासमोरचे दोन-दोन उंचवटे आडव्या कडांनी जोडलेले असतात. आपल्या आणि वनमानुषांच्या खालच्या दाढेची मूळ ठेवण पाच उंचवट्यांची, तिथे अशा जोडकडा नाहीत. एवढी गुंतागुंतीची रचना दोन घराण्यांत योगायोगाने तशीच्या तशी उभी राहणं अवघड. म्हणून माकड-वानर जवळचे, हे अनुमान भक्कम.

आता अडचणीचं उदाहरण. दक्षिण अमेरिकेतच कॅलिमिको नावाचं काळं माकड आहे, वजन जेमतेम अर्धा किलो. १९०४ साली शास्त्रात त्याची नोंद झाली आणि वर्गीकरण करणाऱ्यांची पंचाईत झाली. मार्मोसेट आणि त्याचं भावंड टॅमरिन यांना तिसरी दाढ नाही, बोटांना नख्या असतात आणि त्यांना बहुधा जुळी होतात. कॅलिमिकोला नख्या आहेत, पण तिसरी दाढ आहे आणि पिल्लू एकच. काहींनी त्याला वेगळं कुटुंबच देऊन टाकलं. पुढे डीएनए तपासला तर कॅलिमिको निघालं मार्मोसेटच्या सगळ्यांत जवळचं, टॅमरिनपेक्षाही जवळचं! मग एक तर मार्मोसेट आणि टॅमरिन या दोघांनी तिसरी दाढ वेगवेगळी गमावली, किंवा एकदा गेलेली दाढ कॅलिमिकोत परत आली. वाद चालू आहे. काहीही असो, दाढ नसणं म्हणजे एकच घराणं, हे गणित मोडलं.

आपल्या न्यायशास्त्रात याला नाव आहे, सव्यभिचार हेत्वाभास. धूर दिसला म्हणून अग्नी आहे म्हणायचं, तर अग्नीशिवाय धूर कुठेच नसला पाहिजे. 'शिंगं आहेत, म्हणून गाय' हे चालत नाही, म्हशीलाही शिंगं असतात. हरवलेली दाढ ही अशी शिंगं आहे. हरवणं सोपं, ते पुन्हा पुन्हा घडतं. नवीन, गुंतागुंतीचं काही घडणं दुर्मीळ, म्हणून त्याची साक्ष वजनदार.

आता आपल्या शेजारी येऊ. सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत इवलेसे दात सापडले. २००८ साली काही संशोधकांनी त्यांतल्या मोजक्या सुट्या दातांवरून 'अँथ्रासिमियास गुजरातेन्सिस' हे नाव जाहीर केलं. अंदाजे वजन ७५ ग्रॅम. दावा असा, की माकडं, वनमानुष आणि माणूस ज्या शाखेचे, त्या शाखेचा आशियातला हा सर्वांत जुना सभासद. आपल्या देशात आपलं मूळ! कुणाला आवडणार नाही? पण दुसऱ्या गटाने त्याच खाणीतल्या इतर दातांशी ते ताडून पाहिले आणि म्हटलं, हा तर २००५ साली नाव दिलेल्या 'मार्कगोडिनोशिया'चाच प्रकार दिसतो, म्हणजे लेमूर-लोरिसच्या बाजूचा. साम्य होतं, पण ते दुसऱ्या घरातही सापडत होतं. २०१६ साली तिथल्याच हातापायांच्या २५ हाडांचा अभ्यास आला. ती हाडं इतक्या आदिम ठेवणीची, की दोन्ही शाखा नुकत्याच फुटत असाव्यात असं वाटावं. अशा जागी चार दातांवरून शाखा ठरवणं किती जोखमीचं, ते बघा.

(एका श्रोत्याचा प्रश्न: म्हणजे दातांवर विश्वास ठेवायचाच नाही का?)

ठेवायचा ना! दात खोटं बोलत नाही. आपण त्याला काय विचारतो, ते महत्त्वाचं. 'तू यांच्यासारखा आहेस का?' एवढंच विचारून थांबायचं नाही. 'हे साम्य आणखी कुणाकडे आहे? ते सहज घडणारं आहे का? हाडं आणि डीएनए काय म्हणतात?' हेही विचारायचं. आणि उत्तर आपल्याला आवडणारं असेल, तर दुप्पट विचारायचं. नातीच्या एक्स-रेच्या वेळी मी नेमकं तेच विसरलो होतो.