सूर लागला, मैफल पडली

२२ डिसेंबर १८०८ची संध्याकाळ. व्हिएन्नाच्या 'थिएटर आन डेर वीन'मध्ये कडाक्याच्या थंडीत लोक कुडकुडत बसले होते. कार्यक्रमपत्रिका तर अशी, की आजचा संयोजक ती वाचूनच हात जोडेल. दोन कोऱ्या सिम्फनी, एक पियानो कॉन्चेर्टो, प्रार्थनासंगीताचे काही भाग, एका गायिकेसाठीची रचना, पियानोवर आयत्या वेळचे वादन आणि शेवटी पियानो, वाद्यवृंद, गायकवृंद या सगळ्यांना एकत्र आणणारी एक फँटसी. साडेसहाला सुरू झालेला हा प्रकार साडेदहापर्यंत चालला. वादकांची तालीम धड झालेली नव्हती. शेवटच्या फँटसीत सगळे एकमेकांपासून इतके सुटले, की संगीतकाराने भर कार्यक्रमात वाद्यवृंद थांबवला आणि पुन्हा सुरुवातीपासून वाजवायला लावले. योहान राइखार्ट हा संगीतकार-लेखक त्या रात्री श्रोत्यांत होता. चांगले, आणि त्यातही दणदणीत, संगीत अती झाले की सोसवत नाही, असा शेरा त्याने लिहून ठेवला आहे.

संगीतकार होता बीथोवन, आणि त्या कोऱ्या सिम्फनींपैकी एक होती त्याची पाचवी. पाश्चात्त्य संगीताचा गंध नसलेल्यांनाही जिचे पहिले चार स्वर ठाऊक असतात, ती सिम्फनी जगाने पहिल्यांदा ऐकली ती अशा फसलेल्या कार्यक्रमात.

कार्यक्रम पडला की बाहेर पडणारा श्रोता पार्किंगपर्यंत पोहोचायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो: "आज बुवांचा आवाज लागला नाही", "पूर्वीसारखं राहिलं नाही". कधी ते खरेही असते. गळा बसतो, वय होते, प्रवासाचा शीण असतो. पण फसलेल्या मैफलींचा मागोवा घेतला, तर दोष पुष्कळदा मंचावरच्या माणसापासून बराच लांब सापडतो. इमारत बांधणाऱ्याने, वेळ ठरवणाऱ्याने, तिकिटे छापणाऱ्याने किंवा मिक्सरवर बसलेल्या माणसाने तो आधीच करून ठेवलेला असतो.

इमारतीपासून सुरुवात करू. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि तिथे बोललेले कोणालाच कळेना. उच्चारलेला शब्द आत साडेपाच सेकंद घुमत राही, तोवर वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला. दुरुस्तीचे काम वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण अध्यापकावर आले. तो रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणी, एक ऑर्गनची नळी वाजवी आणि स्टॉपवॉच लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजी. सकाळच्या आत गाद्या जागेवर परत. या उद्योगातून खोलीचा आकार, आतली सामग्री आणि घुमारा यांचे गणित पहिल्यांदा मांडले गेले. त्या गणितावर उभे राहिलेले बोस्टनचे सिम्फनी हॉल १९०० साली उघडले आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते. सॅबिनला आणखी एक गोष्ट कळली होती. माणसाचे शरीर आणि कपडे भरपूर आवाज पितात. म्हणजे दुपारी रिकाम्या सभागृहात जुळवलेला आवाज संध्याकाळी हजार माणसे बसल्यावर तसाच राहत नाही. आपल्याकडे 'साउंड चेक झालाय' म्हणून निर्धास्त होणाऱ्या किती संयोजकांना हे माहीत असते?

गणित हाती आल्यावर तरी चुका थांबायला हव्या होत्या. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधले फिलहार्मोनिक हॉल सप्टेंबर १९६२मध्ये मोठ्या थाटात उघडले. ध्वनिरचनाकार होते लिओ बेरानेक. जगभरची पन्नासहून अधिक सभागृहे अभ्यासलेला माणूस. पण आराखडा तयार होत असताना खुर्च्या वाढवा असा दबाव आला, त्या वाढल्या, सभागृहाचा आकार बदलला, आणि पहिल्याच मोसमात तक्रारींचा पाऊस पडला. खर्जातले स्वर ऐकूच येत नाहीत, वादकांना एकमेकांचे वाजवणे कळत नाही. डागडुजी झाली, मग १९७६ साली आतले सगळे पाडून नवे सभागृह उभारले गेले. ते काम ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस आणि वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांचे. तरीही कुरबुर संपली नाही. २०२२मध्ये ते पुन्हा नव्याने बांधून उघडले, तेव्हा पाचशेहून अधिक खुर्च्या कमी करण्यात आल्या होत्या.

गंमत अशी, की याच हॅरिस-जॉन्सन जोडीने मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचे टाटा थिएटर उभे केले. १९८०चे हे थिएटर सुमारे हजार आसनांचे आणि पंख्याच्या आकाराचे. भारतीय कलाकाराला श्रोत्यांचे चेहरे दिसावेत, दाद जवळून मिळावी आणि ध्वनिवर्धकाचा आधार शक्यतो लागू नये, असा त्यामागचा विचार होता. न्यूयॉर्कमध्ये टीकेचे धनी झालेले हे दोघे मुंबईच्या रसिकांच्या मात्र कौतुकाला पात्र ठरले. माणसे तीच, विद्या तीच. फरक पडला तो सभागृह कशासाठी आणि किती जणांसाठी बांधायचे, हे आधी नीट ठरल्याने.

महाराष्ट्रातल्या गाण्याला असे भाग्य क्वचितच लाभते. गावोगावची बहुतेक सभागृहे नाटकासाठी बांधलेली, नाहीतर मंगल कार्यालये. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर पत्रा. लग्नात सनई-चौघड्याची ध्वनिफीत वाजवायला ती ठीक. विलंबित ख्यालातली मींड मात्र तिथे भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या स्वरावर सांडते.

मग सगळी भिस्त मायक्रोफोनवर. ध्वनियंत्रणा तोकडी पडली की काय होते याचा धडा बीटल्सनी दिला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर माणसे जमली. बीटल्सच्या गिटारींसाठी खास बनवलेले अॅम्प्लिफायर होते शंभर वॅटचे, आणि गाणे लोकांपर्यंत जाणार होते ते बेसबॉलच्या सामन्यात घोषणा करायच्या कर्ण्यांतून. आज गणपती मंडळाचे कार्यकर्ते हे आकडे ऐकून पोट धरून हसतील. पोरींच्या किंकाळ्यांत गाणे बुडाले. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर तेव्हा रुळलेले नव्हते. ड्रमवर बसलेला रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या पाठी आणि माना कशा हलतात ते बघून गाणे कुठवर आले याचा अंदाज घेई, असे त्याने नंतर सांगितले आहे. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधला कार्यक्रम आटोपून त्यांनी दौरे कायमचे बंद केले. स्वतःला ऐकू येत नसेल तर वादन बिघडत जाते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

आपल्या गायकाचे दुखणे याच जातीचे, फक्त नाजूक. त्याला ऐकायचा असतो तानपुरा. तारेखालच्या जवारीच्या दोऱ्यातून जो झंकार उमटतो त्याच्या आधाराने तो षड्ज लावतो. मॉनिटरमध्ये तबला ढणढणत असेल आणि तानपुरा गायब असेल, तर गायक आवाज चढवत जातो, सूर किंचित वर सरकतो, आणि दहाव्या रांगेतल्या जाणकाराला वाटते की आज रियाज कमी पडला. वर साउंडवाल्याने आदल्या रात्रीच्या ऑर्केस्ट्रासाठी लावलेला 'इको' तसाच ठेवलेला असतो. द्रुत तानेतले दाणे एकमेकांत विरघळून सगळ्याचे पिठले होते.

वातानुकूलनाचे प्रकरण वेगळेच. धातूची तार गारव्याने आखडते आणि चढते. तबल्याच्या पुडीचे कातडे दमट हवेत सैल होऊन उतरते, कोरड्या थंड हवेत ताणून चढते. ग्रीनरूममध्ये उकाड्यात लावलेली वाद्ये सोळा अंशांच्या मंचावर आली, की दहा मिनिटांत प्रत्येकाची दिशा वेगळी. तबलजी हातोडी काढतो, प्रेक्षक घड्याळ बघतात. किशोरी आमोणकरांच्या मैफलींत सूर जुळवण्याला लागणाऱ्या वेळेबद्दल बरेच बोलले गेले, नाके मुरडली गेली. पण त्यांचा आग्रह किती रास्त होता हे बेसूर तानपुऱ्यावर तासभर गाणे ऐकलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. अर्थात वाद्ये लावणे म्हणजे काय हे सगळ्यांनाच माहीत असते असे नाही. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्ये जुळवली आणि जमावाने टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणेच इतके आवडले असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचे रविशंकरांचे मिस्कील उत्तर त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेत ऐकू येते.

नंतर येतो वेळ. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षे रात्रभर चाले. घोंगड्या पांघरून लोक पहाटेच्या रागांची वाट बघत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढेच. आजारी माणसाच्या, परीक्षार्थी मुलाच्या बाजूने पाहिले तर नियम चुकीचा म्हणवत नाही. पण त्यापायी दरबारी, मालकंस, अडाणा हे राग त्यांच्या वेळेला ऐकणे दुर्मीळ झाले, आणि एका संध्याकाळी चार कलाकार कोंबायची पद्धत पडली. प्रत्येकाला तास-पाऊण तास. बडा ख्याल तापायलाच वीस-पंचवीस मिनिटे घेतो. त्यातही दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, शाल-श्रीफळ आणि निवेदकाचे शेर यांत अर्धा तास जातो. तो अर्धा तास कापला जातो गाण्यातून, भाषणातून कधीच नाही.

या घड्याळाचा फटका ए. आर. रहमान यांनाही बसला. ३० एप्रिल २०२३ला पुण्यात राजा बहादूर मिलच्या आवारात त्यांचा कार्यक्रम रंगात आला असताना दहा वाजून गेले आणि पोलीस अधिकाऱ्याने थेट मंचावर येऊन तो थांबवला. रहमान यांचीच आणखी दोन उदाहरणे बोलकी आहेत. जुलै २०१७मध्ये लंडनच्या वेम्बलीत झालेल्या कार्यक्रमातून काही हिंदीभाषक श्रोते तमिळ गाणी फार झाली म्हणून उठून गेले, समाजमाध्यमांवर पैसे परत मागू लागले. कार्यक्रमाचे नावच मुळी तमिळ होते! तरी जाहिरात बघताना प्रत्येकाने आपापली आवडती गाणी मनात वाजवून ठेवलेली, त्याला कोण काय करणार? १० सप्टेंबर २०२३ला चेन्नईत मात्र तक्रार शंभर टक्के रास्त होती. हातात तिकीट असलेल्या लोकांना गर्दीमुळे आत शिरता आले नाही, रस्ते तुंबले, चेंगराचेंगरीसारखी अवस्था झाली. आयोजकांनी माफी मागितली, रहमान यांनी तिकिटांच्या प्रती मागवून पैसे परत करण्याची तयारी दाखवली. तिन्ही ठिकाणी कार्यक्रम बिघडला तो सुरांमुळे नव्हे.

कलाकारच दोषी ठरतो अशीही एक जागा आहे, आणि तिथे श्रोते सहसा क्षमा करत नाहीत. १९८९मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये 'मिली व्हनिली' या जोडीच्या कार्यक्रमात मागे वाजणारे ध्वनिमुद्रण अडकले आणि तीच अर्धी ओळ पुन्हापुन्हा वाजत राहिली. पुढे उघड झाले, की तबकडीवरही आवाज त्या दोघांचे नव्हतेच. १९९०मध्ये त्यांचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले. १० मे २०१७ला जस्टिन बीबर नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, तेव्हा महागडी तिकिटे काढून उन्हाच्या तडाख्यात दुपारपासून उभ्या राहिलेल्या अनेकांनी तो नुसते ओठ हलवत होता अशी तक्रार केली. स्टेडियममधल्या बड्या कार्यक्रमांत दिवे, पडद्यावरची चित्रे, नाच सगळे सेकंदासेकंदाला बांधलेले असते. ते जुळावे म्हणून ध्वनिमुद्रणाचा आधार घेतातच. आवाजालाही पोहोचायला वेळ लागतो: शंभर मीटरवरच्या माणसाला स्वर पाव सेकंदाहून थोडा जास्तच उशिरा ऐकू येतो आणि पडद्यावरचे ओठ आधीच हललेले दिसतात. त्यामुळे लांबून सगळेच थोडे खोटे वाटते. पण आधार किती घ्यायचा याला मर्यादा असते, आणि लोकांनी पैसे मोजलेले असतात ते आज, इथे, आपल्यासमोर काहीतरी घडेल म्हणून.

पडलेल्या कार्यक्रमाची किंमत कधीकधी फार जबर असते. १८९७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये तेवीस वर्षांच्या रखमानिनॉफची पहिली सिम्फनी अपुऱ्या तालमीनिशी आणि ग्लाझुनॉफच्या ढिसाळ संचालनाखाली वाजली. त्सेझार कुई या समीक्षकाने तिची संभावना इजिप्तवर कोसळलेल्या संकटांच्या पंगतीत केली. रखमानिनॉफने पुढची जवळजवळ तीन वर्षे काही लिहिले नाही. अखेर निकोलाय दाल या डॉक्टरच्या उपचारांनी तो सावरला आणि दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्याने दालला अर्पण केला. ती सिम्फनी त्याच्या हयातीत पुन्हा कधी वाजली नाही. १९४३मध्ये तो गेला. नंतर लेनिनग्राडच्या ग्रंथालयात वादकांसाठी उतरवून काढलेल्या स्वरलिपीच्या प्रती सापडल्या, त्यांवरून रचना पुन्हा जुळवली गेली आणि १९४५ साली मॉस्कोत, पुरेशी तालीम करून, ती वाजली. या वेळी ती लोकांना आवडली.