पेनांगची होक्केन मी: कोळंबी रश्शात कशी उतरते

जॉर्जटाउनमधल्या कुठल्याही जुन्या कॉफीच्या दुकानात सकाळी डोकावलात, तर बऱ्याच टेबलांवर एकच वाडगा दिसेल. विटकरी लाल रस्सा, त्यात बुडालेले पिवळे-पांढरे नूडल्स, वर अंड्याची फोड आणि चार-पाच लहानशा कोळंब्या, त्याही बहुधा उभ्या चिरून अर्ध्या केलेल्या. ही पेनांगची होक्केन मी. पहिल्यांदा खाणारा मराठी माणूस आधी कोळंब्या मोजतो आणि हिरमुसतो. मोजू नयेत. वरच्या कोळंब्या शोभेपुरत्या असतात. पैसे आणि मेहनत पडते ती रश्शात. तो कसा होतो हे एकदा कळलं, की कुठल्या गाडीवर बसायचं आणि कुठून उठायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याजवळचं बेट. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने ते ईस्ट इंडिया कंपनीसाठी ताब्यात घेतलं आणि जॉर्जटाउन बंदर वसलं. बंदराच्या ओढीने दक्षिण चीनमधल्या फूच्येन प्रांतातून होक्केन बोलणारे लोक आले. त्यांच्या घराण्यांच्या लाकडी खांबांवरच्या वस्त्या आजही धक्क्याजवळ पाण्यावर उभ्या आहेत. गावाकडची गव्हाच्या नूडल्सची सवय आणि इथली मुबलक कोळंबी, मिरची आणि नाळीची भाजी यांचा मेळ या वाडग्यात बसला. एक गोष्ट मात्र प्रवासाआधी लक्षात ठेवा. हेच नाव क्वालालंपूरमध्ये घेतलंत तर काळ्या सोया सॉसमध्ये परतलेले जाड नूडल्स समोर येतील, आणि सिंगापूरमध्येही परतलेलाच पदार्थ मिळेल. तिथे हा रस्सा हवा असेल तर ‘प्रॉन मी’ मागायची.

आता मुख्य काम. सोललेल्या कोळंबीची डोकी आणि सालं हाच या रश्शाचा कच्चा माल. वाडग्यातल्या कोळंबीतून निघणारी डोकी पुरत नाहीत, म्हणून विक्रेते जास्तीची वेगळी घेतात. मोठ्या कढईत तेल तापवून ती परततात, घाई न करता. आधी पाणी सुटतं आणि ते आटेपर्यंत नुसती वाफ येत राहते. मग आवाज बदलतो, सालं कुरकुरीत होऊन कढईला खडखडायला लागतात आणि भाजल्याचा खमंग वास गल्लीभर पसरतो. पाणी असेपर्यंत कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडकलेलं असतं. ते आटल्यावरच प्रथिनं आणि साखरेतून भाजलेली चव तयार व्हायला लागते. परतणं अर्ध्यात थांबवलं तर पुढे कितीही उकळा, रश्शाला मासळीच्या पाण्याचाच वास राहतो.

रंगही इथेच सुटतो. कोळंबीच्या कवचात अॅस्टाझँथिन नावाचं केशरी-लाल रंगद्रव्य असतं. जिवंत कोळंबीत ते एका प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे कोळंबी करडी-निळसर दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते आणि लाल रंग मोकळा होतो. हे रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून सालं आधी तेलात परतायची. डोक्यात आणखी एक ठेवा असतो: कोळंबीची पाचक ग्रंथी, म्हणजे डोकं दाबल्यावर येणारा तो केशरी लगदा. चव आणि स्निग्धता तिथे एकवटलेली असते. आपल्याकडे कोळंबी निवडताना नेमका हाच भाग अनेक घरांत मांजरासाठी बाजूला पडतो, याची मला खरोखर हळहळ वाटते.

परतलेली सालं पाण्यात उकळतात, मग वाटतात, पुन्हा त्याच पाण्यात घालतात आणि गाळून घेतात. वाटल्याने कवचात अडकलेला अर्क सुटतो. सालं फार वेळ उकळली तर रस्सा कडवटतो, म्हणून त्यांना तासाभराच्या आत मोकळं करायचं. डुकराची हाडं मात्र दुसऱ्या पातेल्यात काही तास मंद शिजतात. शेवटी दोन्ही पाणी एकत्र. ही जोडी नुसत्या परंपरेने जमलेली नाही. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ग्लुटामेटची चव वेगळी ओळखली आणि तिला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे सहकारी शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. ग्लुटामेट आणि या जातीची संयुगं एकत्र आली, की चव त्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त भरते. मांसातून इनोसिनेट येतं, कोळंबीतून त्याचीच भावंडं, शिवाय ग्लायसिन हे चवीला गोड असलेलं अमिनो आम्ल. बऱ्याच गाड्यांवर वरून चिमूटभर अजिनोमोटोही पडतो. माझी त्याला हरकत नाही. पण कोळंबी कमी आणि पूड जास्त झाली की जीभ लगेच सांगते. चव पुढे येते आणि तिथेच संपते, मागे काही रेंगाळत नाही.

तिसरा भाग वाटणाचा. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, छोटे कांदे आणि लसूण बारीक वाटून भरपूर तेलात, तेल सुटेपर्यंत परततात. निम्मं वाटण रश्शात जातं, निम्मं सांबाल म्हणून बाजूला राहतं. सुटलेलं लाल तेल रश्शावर तरंगतं, मिसळीच्या तर्रीसारखं, आणि वास व उष्णता धरून ठेवतं. खडीसाखरेचा खडा घालतात. गोडवा स्पष्ट लागायला हवा. पहिल्या घोटाला गोड, मग खारट, आणि घशाखाली उतरल्यावर तिखट.

नूडल्स दोन प्रकारचे. पिवळी ‘मी’ गव्हाची, पण तिचा रंग अंड्याचा नसतो. पिठात सोडियम किंवा पोटॅशियम कार्बोनेटचं पाणी घालतात. आपला पापडखारही याच जातीचा. क्षारामुळे पिठातली मूळची रंगद्रव्यं पिवळी पडतात आणि ग्लुटेन घट्ट होतं, म्हणून गरम रश्शात नूडल्स लगेच गळत नाहीत. दुसरी ‘बीहून’, तांदळाची बारीक शेवई, जी रस्सा पटकन शोषते. दोन्ही मिसळून मागावी, असं माझं मत.

गाडीवर वाडगा भरतो तो मिनिटाभरात. बांबूच्या दांड्याच्या जाळीत नूडल्स, मोड आलेले लांब मूग आणि नाळीची भाजी उकळत्या पाण्यात बुडतात, झटक्यासरशी बाहेर येतात आणि वाडग्यात पडतात. मग काही जुने हात एक गोष्ट करतात, ती नीट पाहा. पळीभर उकळता रस्सा वाडग्यात ओतायचा, नूडल्स पळीने दाबून धरायचे, रस्सा परत पातेल्यात, पुन्हा ओतायचा. नूडल्सला चिकटलेलं साधं पाणी त्यामुळे निघून जातं आणि वाडगाही तापतो. शेवटच्या ओतण्यानंतर मांसाचे काप, कोळंबी, अंडं, तळलेला कांदा आणि चमचाभर सांबाल.

कॉफीच्या दुकानात प्रत्येक गाडीचा मालक वेगळा असतो. आधी टेबल धरा, मग गाडीपाशी जाऊन ‘आंटी’ किंवा ‘अंकल’ अशी हाक मारून मागणी सांगा आणि टेबल दाखवा. वाडगा आला की पैसे द्यायचे. चहा-कॉफी दुकानमालकाची, ती वेगळी मागवायची; दुकान चालतं ते त्यावर. सांबाल लगेच ढवळू नका. आधी एका कडेचा नुसता रस्सा चमच्याने घ्या. तो पातळ पण भरलेला लागला, तर जागा बरोबर आहे. डुकराचं मांस चालत नसेल तर मलय लोकांची ‘मी उदांग’ शोधा. तिच्यात ते नसतं, रस्सा दाट आणि गोडसर असतो, आणि तिथे कोळंबी मोजलीत तरी निराशा होणार नाही.

हे घरीही जमतं. बाजारात कोळीण कोळंबी सोलून देत असेल तर, “मावशी, डोकी वेगळी बांधून द्या,” एवढं सांगा. डोकी ताजी हवीत, काळी पडलेली किंवा लोंबणारी नकोत, कारण पाचक ग्रंथीमुळे कोळंबी तिथूनच नासायला लागते. किलोभर कोळंबीच्या डोक्या-सालांना दोन लिटर पाणी पुरे. हाडांच्या जागी कोंबडीचे सांगाडे घ्या, सुक्या मिरच्यांत ब्याडगी जास्त ठेवा. वाटलेली सालं गाळताना चाळणीवर पातळ कापड नक्की घाला, नाहीतर कवचाचे कण दाताखाली येतात. उरलेला रस्सा डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवला तर तीन-चार आठवडे छान राहतो. नूडल्स मात्र त्यात घालून ठेवू नका; दर वेळी ताजे उकडा, वाडग्यात घाला आणि वरून रस्सा ओता, अगदी उकळता.