कुंडीतले पाहुणे (७) : कढीपत्ता खाल्ला कोणी?

जुलैच्या अखेरीस एका सकाळी पोह्यांच्या फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला ग्रिलमध्ये हात घातला, तर शेंड्याला पानंच नाहीत. नुसत्या काड्या. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बाग म्हणजे सात कुंड्या, त्यातली रोज उपयोगी पडणारी ही एकच. शेजारच्या काकूंनी त्यांच्या ग्रिलमधून निदान केलं, "अहो, कीड लागलीय त्याला. आंबट ताक घाला, नाहीतर राख टाका."

ताक मुळाशी नेहमीच घालते. पण जवळून पाहिलं तर उरलेल्या एका पानावर चिमणीची शीट पडलेली होती, आणि ती शीट पान खात होती.

सुरवंट लहान असताना तपकिरी अंगावर पांढरे डाग घेऊन असा बसतो की शीट समजून पक्षी त्याच्याकडे बघतही नाहीत. अंगाने भरला की शीट एवढी मोठी कशी, अशी शंका यायला लागते. मग शेवटची कात टाकून तो हिरवागार होतो, खांद्यावर डोळ्यांसारखे ठिपके उमटतात. मी काडीने हलकेच डिवचलं. डोक्यामागून लालसर दुशिंगी जीभ बाहेर आली आणि उग्र वास सुटला. मुंगीला आणि गांधीलमाशीला पळवायचं हे त्याचं हत्यार. माझ्या नाकावरही ते चाललं.

हा होता कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराचा सुरवंट. कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि मॉर्मनच्या अळीला तीच लागतात. मादी पानावर उतरली की पुढच्या पायांनी ते थोपटते. तिची चव पायांत असते. झाड बरोबर आहे अशी खात्री पटली की मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळं अंडं कोवळ्या पानाला चिकटवते. गुलाबावर, जास्वंदीवर ती मध प्यायला येईल, अंडं घालणार नाही. फुलांनी भरलेल्या बागेत फुलपाखरं येतात आणि निघून जातात, ती यामुळेच. घर करायचं तर पोरांच्या जेवणाची सोय पाहिजे.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात राजेंद्र ओवळेकरांनी नेमकी ही सोय केली. ओवळेकर वाडीत ना जाळी, ना काचेचं घर. मध देणारी फुलझाडं आणि अळ्यांना खाऊ घालणारी झाडं शेजारी शेजारी लावली, आणि येऊरच्या जंगलातून फुलपाखरं आपणहून आली. शंभराहून जास्त जातींची तिथे नोंद आहे. जायचं असेल तर ऊन अंगावर आल्यावर जा. पहाटे पोचून उपयोग नाही, पंख तापल्याशिवाय ही मंडळी हलत नाहीत.

मॉर्मनच्या मादीची एक गंमत सांगायला हवी. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. मादी मात्र तीन रूपांत भेटते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. या रोझ मंडळींच्या अळ्या सापसंदाची विषारी पानं खातात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात विष नाही, नुसता वेश आहे. हा वेश 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हाती असतो, हे संशोधक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं. याच कुटुंबातला मोठा भाऊ, ब्लू मॉर्मन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. असा मान फुलपाखराला देणारं आपलं पहिलं राज्य.

कढीपत्त्याचा त्याग जमत नसेल तर पानफुटी लावा. तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरो फुलपाखराची अळी गर खाते, स्वयंपाकाचं काही अडत नाही. सोसायट्यांच्या कंपाउंडला रांगेत उभा असलेला उंच 'अशोक', जो मुळात खरा अशोक नाहीच, टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्यांना चालतो. त्यावर दर महिन्याला औषध मारून घेणाऱ्या कमिट्या गेटवर प्लास्टिकची फुलपाखरं लावतात, तेव्हा मी सभेत गप्प बसते. नेहमी जमतंच असं नाही.

माझ्याकडे चार सुरवंट होते. एक बुलबुलाने उचलला. एक नाहीसाच झाला. तिसऱ्याचा कोष काळपट पडला आणि त्याच्या बारीक भोकातून फुलपाखराऐवजी चिमुकल्या गांधीलमाश्या बाहेर पडल्या. त्यांच्या आईने कोषातच अंडी घातली होती. चौथ्याने कुंडी सोडून ग्रिलचा गंजका गज गाठला, रेशमाचा पट्टा कमरेला बांधला आणि गजासारखाच तपकिरी कोष केला. हिरव्या देठावर असता तर कदाचित हिरवा झाला असता.

दहाव्या-अकराव्या दिवशी, दूध उतू जायच्या बेतात असताना, कोष फुटला. चुरगळलेल्या रुमालासारखे पंख हळूहळू सरळ झाले. मादी होती, लाल ठिपक्यांची, रोझच्या वेशातली. साडेनऊला ऊन आलं तशी उडाली.

दोन दिवसांनी काकूंच्या लिंबाच्या कुंडीवर अशीच एक मादी पान थोपटताना दिसली. काकू आत होत्या. मी काही बोलले नाही.