आजोबांचा नंबर तीन आकडी, आपला दहा आकडी!

मुलांनो, गावातल्या बाजारपेठेतून जाताना एखाद्या जुन्या पेढीची किंवा किराणा दुकानाची पाटी नीट वाचून पाहा. रंग उडालेल्या कोपऱ्यात कधी कधी ‘फोन नं. २१७’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. फक्त तीन आकडे! बाकीचे आकडे पुसले गेले असतील, असं तुम्हांला वाटेल. पण तसं नाही. तो नंबर खरोखरच एवढाच होता.

आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती १८८२ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत. तेव्हा फोनला तबकडीही नव्हती आणि बटणंही नव्हती. रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर बोलायचा. त्याला नंबर सांगायचा, मग तो समोरच्या फळीवर वायर खोचून दोन फोन जोडून द्यायचा. लहान गावांत ही पद्धत पुढे कितीतरी वर्षं टिकली. गावात फोनच मोजके. डॉक्टर, पोलीस ठाणे, पोस्ट आणि चार-दोन व्यापारी. त्यांना दोन किंवा तीन आकडे पुरेसे होते.

आता ऑपरेटरशिवाय फोन कसा लागू लागला, त्याची गंमत ऐका. अमेरिकेत अल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ होते. अंत्यविधीची व्यवस्था करणं हा त्यांचा धंदा. असं सांगतात, की एक्स्चेंजमध्ये बसणारी बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याच दुकानाला जोडून देते, असा त्यांना संशय आला. मग त्यांनी माणसाची गरजच नसलेलं यंत्र शोधून काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ मध्ये सुरू झालं.

या यंत्रासाठी पुढे तबकडीचा फोन आला. पाचच्या भोकात बोट घालून तबकडी फिरवून सोडली, की ती मागे येताना तारेतून पाच ठोके जायचे. शून्याला मात्र दहा ठोके! हे ठोके मोजून यंत्र योग्य तार शोधायचं. सुरुवातीच्या आकड्यांवरून कुठलं एक्स्चेंज ते ठरायचं आणि शेवटच्या आकड्यांवरून कुणाचं घर ते ठरायचं.

आता पाटी-पेन्सिल घ्या. तीन आकड्यांचे नंबर जास्तीत जास्त किती? ००० ते ९९९, म्हणजे एक हजार. एक आकडा वाढवला की दसपट. सहा आकड्यांचे दहा लाख. पण शून्य हा बाहेरगावच्या फोनसाठी राखलेला आणि एक हा पोलीस, अग्निशमन दल अशा खास सेवांसाठी. म्हणून घरचा नंबर ० किंवा १ ने सुरू होत नाही. मग दहा लाखांतले उरले आठ लाख. मुंबईसारख्या शहराला ते कसे पुरणार? तिथे सहाचे सात आकडे झाले.

बाहेरगावी बोलायचं तर आधी ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे. मग घंटी कधी वाजते याची वाट पाहत बसायचं. १९६० साली लखनौ आणि कानपूर या शहरांदरम्यान थेट डायल करायची सोय, म्हणजे एसटीडी, सुरू झाली. मग प्रत्येक गावाला कोड मिळाला. मुंबईचा ०२२, नाशिकचा ०२५३, रत्नागिरीचा ०२३५२. मोठ्या शहराला लहान कोड आणि लहान शहराला मोठा कोड, असं का बरं?

सुरुवातीचा शून्य सोडून बेरीज करा. १९९० च्या दशकात मुंबईचे २ आणि ७ मिळून ९. नाशिकचे ३ आणि ६ मिळून ९. रत्नागिरीचे ४ आणि ५ मिळून पुन्हा ९! पुण्याचा कोड तेव्हा ०२१२ होता आणि नंबर सहा आकडी. नंबर कमी पडू लागले तसा कोड ०२० असा आखूड केला आणि तो वाचलेला आकडा नंबराला दिला. बेरीज तेवढीच राहिली.

पुढे खाजगी कंपन्याही घरोघरी फोन देऊ लागल्या आणि नऊ आकडेही अपुरे पडले. २००२-०३ च्या सुमारास आधीच्या सरकारी फोनच्या नंबरांपुढे २ लागला. इतर आकडे नव्या कंपन्यांना मिळाले. आता बेरीज दहा झाली. मुंबईचा नंबर आठ आकडी, नाशिकचा सात, रत्नागिरीचा सहा. आपला मोबाइल नंबरही दहाच आकड्यांचा! १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवावा लागतो. मोबाइलसाठी आणखी नंबर मोकळे व्हावेत, म्हणून हा बदल केला.

पूर्वी सगळ्यांच्या घरी फोन नसे. लोक आपल्या पत्त्याखाली शेजाऱ्यांचा नंबर देत आणि त्यापुढे ‘पी. पी.’ असं लिहीत. फोन आला की शेजारच्या काकू खिडकीतून हाक मारत. असे कितीतरी नंबर आजी-आजोबांना आजही तोंडपाठ आहेत. विचारून पाहा!

आणि आपल्याला किती पाठ आहेत? आमच्या चौथीच्या वर्गात मी हेच विचारलं, तर बहुतेक मुलं म्हणाली, “बाई, आईच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे ना!” पण समजा, जत्रेत आईचा हात सुटला. मोबाइल तर आईच्याच पिशवीत. एखादे पोलीसकाका विचारतील, “बाळ, घरचा नंबर सांग.” तेव्हा काय सांगाल?

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. आईचा आणि बाबांचा नंबर पाठ करा. दहा आकडे एकदम घोकू नका. पाच-पाचचे दोन गट करा आणि चालीत म्हणा. बरोबर ११२ हा मदतीचा नंबर आणि १०९८ हा मुलांसाठीचा नंबरही लक्षात ठेवा. ते गंमत म्हणून मात्र फिरवायचे नाहीत हं!

पालकांनीही एक करावं. रविवारी मोबाइल बाजूला ठेवून मुलांकडून दोन्ही नंबर कागदावर लिहून घ्यावेत. एकही आकडा चुकला नाही, तर पाठीवर शाबासकीची थाप द्यायला विसरू नका.